खेळ बघायचा हक्क कुणाचा?

आमच्या बचतगटाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी समाजमंदिरात भरते. मागच्या हिवाळ्यात एकदा ती दोन तास उशिरा सुरू झाली. कारण थकलेलं कर्ज नव्हतं, की भांडणही नव्हतं. कारण होतं हॉकी!

गटातल्या एका मावशींची मुलगी पुण्यात कॉलेजला आहे आणि विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळते. आंतरविद्यापीठ स्पर्धेतला तिचा सामना यूट्यूबवर थेट दाखवणार होते. मावशी रत्नागिरीजवळच्या एका काजू कारखान्यात काजूगर सोलतात. मजुरी किलोवर. मुलगी चार वर्षं खेळतेय, पण आईनं तिला मैदानावर एकदाही पाहिलेलं नव्हतं.

का नव्हतं? प्रवासाचा खर्च, कामाचा खाडा, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. ही कारणं आपल्या पाठच आहेत. पण कुणी विचारेल, घरात मोबाईल तर आहे ना? आहे, पण तो मुलाचा. दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत तोच संपवतो. आधीचा एक सामना मावशी बघायला बसल्या, तेव्हा पाचव्या मिनिटाला फोन हातातून गेला. “तुला त्यातलं काय कळतंय?” हे वर ऐकावं लागलं.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात स्वतः वापरता येईल असा मोबाईल जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे होता. आणि फोन असला तरी वेळ कुठून आणायचा? २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाची सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकामाला हात लावणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटं. हॉकीचा सामना म्हणजे पंधरा मिनिटांचे चार डाव, एकूण ६० मिनिटं. चूल, पाणी, भांडी बाजूला ठेवून सलग ६० मिनिटं केवळ स्वतःच्या आनंदासाठी बसलेली बाई आपण शेवटची कधी पाहिली? पुरुष क्रिकेटचा अख्खा दिवस बघतो तेव्हा त्याला कुणी हिशेब विचारत नाही. बाई बसली की ती ‘रिकामटेकडी’!

तर त्या शनिवारी माझा लॅपटॉप टेबलावर ठेवला, माझ्याच फोनचं इंटरनेट त्याला जोडलं आणि आम्ही सतराजणी बसलो. नियम कुणालाच ठाऊक नव्हते. मावशींची नववीतली पुतणी सांगत होती, पायाला बॉल लागला की फाऊल, पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोल करायची मोठी संधी. चित्र मध्येच अडकायचं, सगळ्यांचा श्वासही अडकायचा. “आमची बाय दिसतेय काय गो?” मावशी सारख्या विचारत होत्या. मग दिसली. मधल्या फळीत उभी राहून ती हात करून बाकीच्या मुलींना ओरडून सांगत होती, कुणी पुढं जायचं, कुणी मागं राहायचं. मावशी थक्क झाल्या. “ही एवढ्या मोठ्यानं बोलते?” घरात तर तिला आवाज चढवू नको असंच शिकवलेलं.

मुली २-१ ने हरल्या. मावशींनी विचारलं, “पुढचा सामना कधी?” मला वाटतं, आपल्या शिबिरांमधून आम्ही ‘मुलींना संधी द्या’ म्हणून जी भाषणं करतो, त्यापेक्षा तो एक तास जास्त काम करून गेला. मुलीच्या लग्नाचा विषय त्या घरात गेलं वर्षभर चालू होता. तो थांबलाय असं मी म्हणणार नाही. पण आता त्या चर्चेत आई गप्प बसत नाही. तिनं मुलीला डोळ्यांनी पाहिलंय.

याची दुसरी बाजूही त्याच पडद्यावर होती. चित्राशेजारी लोक लिहीत होते. खेळाबद्दल थोडं, मुलींच्या पायांबद्दल, रंगाबद्दल जास्त. वाचता येणाऱ्या दोघीतिघींनी माना खाली घातल्या. एक म्हणाली, “हे असं असेल तर ताई, बंदच करा. पोरींना सगळे बघतात.”

तिची भीती खोटी नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. चारच दिवसांनी भारत उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमधल्या तिच्या घरासमोर फटाके वाजवले गेले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. संघात दलित जास्त म्हणून हरलो, असं म्हणण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे बघणारे सगळे सारख्याच नजरेनं बघत नाहीत. जात आणि पुरुषसत्ता मैदानाबाहेर दबा धरून बसलेली असते.

पण म्हणून कॅमेरा बंद करायचा का? मुलींना झाकून ठेवण्याचा उपाय आपण शतकानुशतकं केलाच आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पुण्याच्या एलायझा नेल्सनच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं. आपल्यापैकी किती जणींना ते नाव माहीत आहे? आज फलटण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते. तिचं नाव तरी आपल्या मुलींना कळायला हवं की नको? शिव्या देणारे तर बघणारच आहेत. प्रश्न असा आहे, की आपण बघणार आहोत का?

एक सावधगिरी मात्र हवी. ‘आता मोबाईलवर दिसतं ना’ हे उत्तर होऊ नये. घरबसल्या बघायला मिळालं म्हणून गावातलं मैदान मुलींचं होत नाही. संध्याकाळी कुठल्याही मैदानावर जाऊन बघा, बॅट घेऊन कोण उभं असतं! आमच्या मावशींच्या मुलीला हॉकीसाठी जिल्हा सोडावा लागला, तेव्हा कुठं ती पडद्यावर दिसली.

म्हणून मैत्रिणींनो, गटांपुढे चर्चेसाठी चार गोष्टी ठेवते. मुलींचे कॉलेज-विद्यापीठांचे सामने मुलांच्या सामन्यांइतकेच थेट दाखवले जावेत, आणि घाणेरडं लिहिणाऱ्यांना आवरण्याची जबाबदारी दाखवणाऱ्यांनी घ्यावी. शाळेच्या मैदानावर मुलींसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावी, ही मागणी ग्रामसभेत मांडावी. खेळाडू मुलींच्या आयांना वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष सामना बघायला नेण्यासाठी प्रवासखर्च मिळावा. आणि तोवर महिन्यातून एक सामना गटानं एकत्र बसून बघावा.

शेवटची गोष्ट कुणाच्याही परवानगीशिवाय उद्या सुरू करता येईल. आमच्या गटानं त्यासाठी दरमहा प्रत्येकी पाच रुपये काढायचं ठरवलंय. रिचार्ज गटाचा, फोन गटाचा. तो कुणी हातातून काढून घेणार नाही.