मनाचा आजार आणि हक्काचे अनुदान

घरात कुणाचा पाय मोडला तर सारी वस्ती धावून येते. पण कुणाचे मन आजारी पडले तर दार लावून घेतले जाते. "वेड लागले", "बाहेरचे आहे", "कामाचा कंटाळा आहे" असे शेरे मारले जातात आणि एखादी आई, एखादी बहीण वर्षानुवर्षे एकटीच त्या माणसाला सांभाळत राहते. तिच्यासाठी कायदा आहे, योजना आहे; पण ती तिच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आम्ही हा प्रश्न चळवळीपुढे मांडत आहोत.

हे अनुदान कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या अवस्थांत माणसाला साहाय्य देण्याची जबाबदारी राज्याची मानली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे तसे कार्ड नसले तरी, सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे.

मग अडते कुठे? पहिल्यांदा प्रमाणपत्रावर. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग म्हणून अर्ज करायचा तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मानसिक आजाराची टक्केवारी ठरवताना चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी घेता येते का, माणसांशी कसे वागतो, बोलणे-समजणे कसे आहे आणि काम करता येते का. आजार किती काळाचा आहे तेही धरतात. तपासणीच्या दिवशी आई काय करते? लेकाला न्हाऊ घालते, धुतलेला सदरा चढवते आणि डॉक्टरांनी विचारले की सांगते, "बरा आहे साहेब, जेवतो-खातो." तिला लेकाची अब्रू राखायची असते. पण कागदावर "बरा आहे" एवढेच उमटते आणि अर्ज तिथेच मरतो.

म्हणून घरच्यांनी आधीच लिहून ठेवावे. आंघोळीला किती वेळा सांगावे लागते, रात्री उठून कुठे निघून जातो, शेवटचे काम केव्हा सुटले, औषध कोण देते. जुने केसपेपर आणि औषधाच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. आजार जुना आहे याचा तोच पुरावा. खोटे सांगू नये, पण खरे लपवूही नये. निर्णय मान्य नसेल तर २०१६ च्या कायद्यात अपिलाची तरतूद आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा अडसर उत्पन्नाचा. राज्य शासनाने ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे मासिक अनुदान १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केले, हे चांगलेच झाले. पण २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिची वार्षिक उत्पन्न मर्यादा अडीच लाख होती आणि दिव्यांग निराधाराच्या कुटुंबाची मर्यादा ५०,००० रुपये होती. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत! भाऊ बिगारी काम करून घर चालवतो म्हणून आजारी भावाचा हक्क जातो, हा कुठला न्याय? ही मर्यादा वाढवण्याची मागणी आपल्या प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात असली पाहिजे.

अनुदान मंजूर झाले म्हणजे काम संपले असेही नाही. हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही तर पैसे थांबतात. ज्याला स्वतःच्या औषधाचे भान नाही, तो तहसीलची तारीख कशी लक्षात ठेवणार? तिथे दारातले दलाल टपलेलेच असतात. दुसरीकडे बुवा-मांत्रिक टपलेले असतात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस भूत उतरवण्यासाठी साखळीने बांधला जात असेल, तर ते धम्माशी आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याशीही विसंगत आहे. त्याची जागा दवाखान्यात आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आपल्याकडे विहारे आहेत, महिला मंडळे आहेत, तहसील कचेरीत उभी हयात घालवलेले निवृत्त कर्मचारी आहेत. दर रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडा. अर्ज भरून द्या, तारखांची वही ठेवा, तपासणीच्या दिवशी त्या आईसोबत एक शिकलेला माणूस पाठवा. संघटित व्हा, या शब्दांचा अर्थ त्या आईला त्या दिवशी कळेल.