शेतीचे गोडवे आणि जमिनीची मालकी

अमेरिकेतल्या परंपरावादी विचारावर शेतीनिष्ठ आदर्शांची दाट छाया आहे, हे सर्वमान्य आहे. तिचा अर्थ लावताना मात्र टीकाकार आणि भक्त दोघेही चुकतात.

टीकाकार म्हणतात, हा आदर्श म्हणजे गुलामगिरीच्या दिवसांबद्दलचा उमाळा. आक्षेप निराधार नाही. १९३० साली बारा दाक्षिणात्य लेखकांनी ‘आय’ल टेक माय स्टँड’ हा निबंधसंग्रह काढून कारखानदारीविरुद्ध शेतकरी जीवनाचा कैवार घेतला. त्यातच रॉबर्ट पेन वॉरन यांनी वर्णविभाजनाची पाठराखण केली. वॉरन यांनी पुढे ती भूमिका सोडली. त्या बारांतलेच डोनल्ड डेव्हिडसन यांनी ती अखेरपर्यंत सोडली नाही. पण दोष दाखवला म्हणजे विचार निकालात निघाला असे होत नाही. उत्पादन वाढले म्हणून माणसाचे जगणे सुधारते का, हा या मंडळींचा प्रश्न वर्णद्वेषातून निघालेला नव्हता. त्या बारांपैकीच रॅन्सम यांचे विद्यार्थी रिचर्ड वीव्हर यांनी १९४८ मध्ये तोच धागा पुढे नेला. डेव्हिडसन यांचे ऋण परंपरावादी विचारवंत रसेल कर्क यांनीही मानले. सरकारइतकाच बड्या भांडवलाचाही संशय घेणारा परंपरावाद या वाटेने आला.

भक्त म्हणतात, शेतीनिष्ठा हाच परंपरावादाचा आत्मा. मग तो आत्मा सत्तेत असताना कुठे होता? निक्सन यांच्या रिपब्लिकन सरकारातले शेतीमंत्री अर्ल बट्झ यांनी मोठ्या, यांत्रिक शेतीचेच धोरण रेटले. त्याविरुद्ध १९७७ मध्ये ‘द अनसेटलिंग ऑफ अमेरिका’ लिहिले ते केंटकीचे शेतकरी-लेखक वेंडेल बेरी यांनी, कुठल्या पक्षाने नव्हे. मातीची भाषा व्यासपीठावर राहिली, शेत मात्र मोठ्यांच्या घशात गेले.

या आदर्शाचा खरा गाभा आहे मालमत्तेची विस्तृत वाटणी. याच मंडळींपैकी काहींच्या १९३६ च्या ‘हू ओन्स अमेरिका?’ या संग्रहाच्या नावातच तो प्रश्न आहे. पण दक्षिणेत तेव्हा निम्म्याहून अधिक शेतकरी दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसत होते. ज्या स्वतंत्र शेतकऱ्याची थोरवी गायली जात होती, तो तिथे अल्पसंख्य होता. आणि काळ्या वाटेकऱ्याला तर त्या चित्रात हक्काची जागाच नव्हती.

जमीन आणि वर्ण हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहणे त्याच्या कितीतरी आधीही अशक्य नव्हते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला आणि दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. गुलाम आणि शेतकरी यांची दुःखे एकाच लेखणीने मांडता येतात, हे पुण्यात समजले होते.

म्हणून शेतीनिष्ठ आदर्श टाकून देऊ नये. त्याची अट मात्र पाळायला लावावी. जमीन कसणाऱ्याच्या नावावर हवी आणि तो कसणारा कोणत्याही वर्णाचा असो. ही अट ज्याला नको, त्याचे मातीप्रेम म्हणजे जमीनदारीची वकिली होय.