पाचशे वजा करा, पण कशातून?

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी आम्हाला थर्ड लँग्वेज होती, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात ही नम्र विनंती. आणि पोटात घालायचा विषय निघालाच आहे, तर आजचा माझा विषय तोच. पोटात काय घालायचं, आणि मुख्य म्हणजे किती!

मी थर्ड इयर सिव्हिल. उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला ऑटो लेव्हल लावली की पहिल्यांदा माझ्यासाठी ट्रायपॉड खाली घ्यावा लागतो. "लेव्हल बदलली की रीडिंग बदलतं गं," असं बॅचमधली मुलं ओरडतात. बुटकी, पॉकेट साईज, वामनमूर्ती, सगळी विशेषणं ऐकून झाली आहेत. त्यांचं मला काही वाटत नाही. पण गेल्या गणपतीत साडी नेसल्यावर एका मावशीने "अगं, तू तर लाटण्याची पोळपाट झालीस" असं म्हटलं, आणि ते मात्र लागलं. वजन होतं ५५ किलो.

दसऱ्याला मी आणि माझ्या रूममेटने जोडीने जिम लावली. ती पाच फूट सात इंच, वजन ६५. ट्रेनर सरांनी दोघींना एकच कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, रोज १२०० कॅलरी, "लवकर रिझल्ट हवा असेल तर १०००". मोबाईलमधल्या ॲपनेही साधारण तेच सांगितलं. म्हटलं, चला, दोन साक्षीदार मिळाले! मी १००० वर आले. मेसच्या काकू ताटात दुसरी पोळी वाढायला आल्या की मी हात आडवा धरायची. रूममेट मात्र १५०० खायची. "माझ्याच्याने नाही होत बाई," म्हणायची. मला वाटायचं, हिच्यात विल पॉवरच नाही!

डिसेंबरमध्ये आमचा सर्व्हे कॅम्प होता, वाईजवळ. सकाळी अकराची वेळ. मी स्टाफ धरून उभी. पलीकडून मैत्रीण ओरडतेय, "स्टाफ सरळ धर, हलतोय." मी म्हटलं, हलत नाहीये, आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा तोंडावर पाणी होतं आणि सर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. चार मीटरचा तो स्टाफ कोणाच्या डोक्यात पडला नाही हे नशीब.

घरी आल्यावर आई डॉक्टर काकूंकडे घेऊन गेली. हिमोग्लोबिन ९.४. बायकांचं १२ च्या खाली असलं की ॲनिमिया धरतात. मुठीमुठीने केस गळत होते. आणि तीन महिने पाळी आली नव्हती. (हे वाक्य एडिटर कापतील अशी शंका आहे. प्लीज कापू नका. हॉस्टेलमध्ये माझ्यासारख्या आणखी असतील आणि त्यांना "बरंच झालं, कटकट गेली" असं वाटत असेल. मलाही तसंच वाटलं होतं.) डॉक्टर काकूंनी एकच प्रश्न विचारला. "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग हा आकडा कुठून आला, हे तू विचारलं नाहीस?"

नाही विचारलं! स्ट्रक्चर्समध्ये एका बीमचं डिझाईन दुसऱ्या बीमला चिकटवलं तर सर जर्नल फेकून देतात. आणि मी पाच फूट सात इंचाचं डिझाईन चार फूट दहा इंचाला चिकटवून बसले होते. म्हणून हे लिहायला घेतलं. आता जरा गणित करू. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपं आहे.

काहीही न करता नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, लिव्हर, किडन्या चालवायला शरीराला जी ऊर्जा लागते तिला बीएमआर म्हणतात. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत हा आपला डेड लोड. चालणं, जिने चढणं, लेक्चरला पळणं हा लाईव्ह लोड. बीएमआर काढायचं मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र १९९० साली आलं. बायकांसाठी ते असं: वजन (किलोत) गुणिले १०, अधिक उंची (सेंटीमीटरमध्ये) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. पुरुषांना १६१ वजा करायच्या ऐवजी ५ मिळवायचे. (इथेही त्यांना ग्रेस मार्क!)

माझं उत्तर येतं १२०८. थोडीफार हालचाल करणाऱ्याला १.३७५ ने गुणायचं, म्हणजे दिवसाला साधारण १६६१ कॅलरी. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील. रूममेटचं उत्तर १९९६. माझा दादा २२ वर्षांचा, १७८ सेंटीमीटर, ७५ किलो. त्याचं २४१७.

आता तो प्रसिद्ध नियम घ्या. रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल. दादाने ५०० कमी केले तर त्याच्या खाण्यातले सुमारे २१ टक्के गेले. रूममेटचे २५ टक्के. माझे ३० टक्के! महिन्याला दोन हजार पॉकेटमनी असलेल्याला पाचशे दंड आणि सोळाशेवालीलाही पाचशेच दंड, हा कुठला न्याय? आणि मी तर ५०० वर न थांबता १००० वर उतरले होते. म्हणजे ४० टक्के कपात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला होता. त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरी दिल्या, आधीच्या जवळजवळ निम्म्या. सहा महिन्यांत ती पोरं चिडचिडी, उदास झाली, रात्रंदिवस फक्त जेवणाचा विचार करू लागली. मीसुद्धा फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर पदार्थांची नावं लिहायचे. साबुदाणा वडा, मिसळ, पुरणपोळी...

मग १२०० हा आकडा आला कुठून? अमेरिकेत लुलू हंट पीटर्स नावाच्या एक डॉक्टरबाई होत्या. कॅलरी मोजून खायची फॅशन त्यांच्या १९१८ सालच्या पुस्तकाने रुजवली, आणि १२०० हा आकडा त्यांच्याकडेही सापडतो. म्हणजे शंभर वर्षांहून जुना आहे. आज डॉक्टर तो वेगळ्या अर्थाने वापरतात. त्याच्या खाली गेलं की लोह, कॅल्शियम, प्रोटीन ताटात बसवणंच कठीण होतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने त्याखाली जाऊ नये. म्हणजे १२०० ही लक्ष्मणरेषा आहे, टार्गेट नाही! आपण नेमकं उलटं करतो. रेषेवर जाऊन उभे राहतो आणि वर एक पाय पलीकडे टाकून बघतो.

लोहाचंच बघा. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आपल्याकडच्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. पोटभर जेवून ही गत, तर अर्धपोटी काय होणार?

तर माझं मत असं की बुटक्या माणसाने ५०० चा नियम सरळ केराच्या टोपलीत टाकावा आणि टक्क्यांत बोलावं. स्वतःचा रोजचा खर्च काढा आणि त्यातून १५ टक्के कमी करा, फार तर २०. माझ्या १६६१ चे १५ टक्के म्हणजे सुमारे २५०. उरले १४००. डॉक्टर काकूंनी डाएटिशियनकडे पाठवलं, त्यांनीही साधारण हाच आकडा लिहून दिला. चौदाशेत काय बसतं? सकाळी कपभर दूध आणि पोहे. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर उसळ, ताक. चार वाजता चहा आणि मूठभर शेंगदाणे. रात्री एक पोळी, वरण, थोडा भात, एक अंडं. हे जेवण आहे, शिक्षा नाही.

यावर माझ्या मैत्रिणी म्हणतात, "मग वजन उतरणार कधी?" प्रश्न बरोबर आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज २५० वाचले तर महिन्याला जेमतेम एक किलो. त्यात शरीर हलकं झालं की खर्चही कमी होतो, म्हणजे पुढे पुढे वेग आणखी मंदावतो. जिमच्या पोस्टरवरच्या "तीस दिवसांत आठ किलो"शी याची तुलनाच नाही. पण आठ किलो ८० किलोच्या माणसाचे १० टक्के असतात आणि माझे जवळजवळ १५! माझ्या अंगावर एक किलो उतरला तरी कुर्त्याला कळतं. छोट्या माणसाला छोटा आकडाच शोभतो, उतरतानाही.

दुसरी अडचण मोजमापाची. माझी रोजची बचत २५० आणि पोळीवर, भाजीत नकळत पडलेल्या दोन चमचे तेलाच्या ८० कॅलरी. म्हणजे एक तृतीयांश बचत तिथेच संपली. दादाला हे परवडतं, मला नाही. म्हणून मोजायचंच तर तेल, साखर आणि शेंगदाणे मोजा, काकडी मोजत बसू नका. वजनकाट्याचंही तेच. नुसत्या पाण्याने वजन दिवसात एखादा किलो वरखाली होतं, म्हणजे माझी महिनाभराची कमाई! रोज सकाळी काट्यावर रडण्यापेक्षा आठवड्याची सरासरी काढा. रीडिंग एक घेऊन कुणी कंटूर काढतं का?

आणि सूत्र म्हणजेही वेदवाक्य नाही. अमेरिकेतल्या माणसांवर बसवलेलं आहे, १० टक्के इकडेतिकडे सहज होतं. महिनाभर करून बघा. वजन भराभर उतरत असेल, चक्कर येत असेल, थंडी वाजत असेल, पाळी चुकली असेल, तर आकडा चुकलाय. तुम्ही चुकलेल्या नाही. आकडा वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.

माझ्या आईचंही गणित केलं. वय ४८, उंची १५० सेंटीमीटर, वजन ५२, दिवसभर बसून काम. रोजचा खर्च निघाला १२६८. त्यातून पाचशे वजा केले तर उरतात ७६८! आईने कमी करायचं तरी काय? तिच्यासाठी उत्तर ताटात नाहीच, ते संध्याकाळच्या फेरीत आहे. चालायला किलोमीटरला फार तर ३०-४० कॅलरी लागतात, पण रोज चाललं की हळूहळू तेच जमतं आणि हाडं-स्नायू टिकतात ते वेगळंच. आता दोघी चालतो, मी सुट्टीत घरी असले की.

आणि सगळ्यात पहिला प्रश्न सगळ्यात शेवटी लिहितेय (कॉन्व्हेंटमध्ये निबंध लिहायला नीट शिकवलं नाही बहुतेक). तुम्हाला खरंच वजन कमी करायचंय का? भारतीयांसाठी २३ च्या खालचा बीएमआय योग्य धरतात, आणि १८.५ च्या खाली कमी वजन. माझ्या उंचीला हे ४० ते साधारण ४९ किलो बसतं. मी ५५ होते, म्हणजे मला गरज होती. पण आमच्या मजल्यावर ४४ किलोची, माझ्याच उंचीची एक मुलगी गॅदरिंगसाठी १००० वर आलीये. तिला सूत्राची नाही, कोणीतरी समोर बसून जेवण्याची गरज आहे. मी रोज बसते.

माझं म्हणाल तर कॅम्पनंतर नीट जेवायला लागल्यावर गेलेलं सगळं वजन परत आलं, ५५ पूर्ण. फेब्रुवारीपासून १४०० वर आहे. सहा महिन्यांत साडेचार किलो उतरलं. पाळी एप्रिलपासून वेळेवर आहे, हिमोग्लोबिन गोळ्यांच्या मदतीने ११.८. रूममेट १५०० वर कधीच सडपातळ झाली. विल पॉवर नाही म्हणून मनात तिला नावं ठेवली होती, त्याची या लेखातून जाहीर माफी मागते. तिचा आकडा तिच्यासाठी बरोबर होता. माझाच उधार होता.

तेव्हा मैत्रिणींनो (आणि बुटक्या मित्रांनो, तुम्हीही आहात, लाजू नका!), कोणी आकडा दिला की आधी विचारा, कोणाच्या उंचीचा? आणि मेसच्या काकूंनी दुसरी पोळी वाढली तर हात आडवा धरू नका. चौदाशेत ती बसते. मी मोजली आहे.