अंतर आकाशातले, वेळ जमिनीवरचा

मुंबईहून सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ हवाई मार्गाने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. विमानाला एवढ्या अंतरास तास-सव्वा तास पुरतो. पेण-रोह्याच्या प्रवाशाचा हिशेब मात्र निराळा आहे. त्याचा प्रवास धावपट्टीवर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो.

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि विमान पेणच्या शेजारी आले. आनंदाचीच गोष्ट! परंतु २०११ साली हाती घेतलेले पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण किती वर्षे रखडले, हे गणपतीला गावी जाणारा प्रत्येक कोकणवासी जाणतो. रोह्यास रेल्वे १९८६ सालीच पोहोचली; गाड्या मात्र आजही मोजक्याच. पहाटेच्या उड्डाणासाठी वृद्ध आईवडिलांना घेऊन मध्यरात्री भाड्याच्या मोटारीने निघावे लागत असेल, तर आकाशात वाचलेल्या वेळाचे मोल ते काय?

उड्डाणांच्या वेळांशी जुळणारी एस.टी. आणि रोह्याहून पुरेशा गाड्या, एवढी मागणी दोन्ही गावांनी एकमुखाने केली पाहिजे. विमानतळ जवळ आला. आता तेथवरची वाट जवळ करावयास हवी.