शहाणा मोती एकाएकी चपला का फाडू लागला?

इचलकरंजीच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. पत्र लांबलचक आहे, त्यातला मुख्य मजकूर असा : ‘आमचा मोती पाच वर्षांचा. पिल्लू होता तेव्हा त्याने दोन-चार चपला फाडल्या, पण वर्षाचा झाल्यापासून कशाला तोंड लावलं नव्हतं. जूनमध्ये थोरला मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि मीही दुपारी चार तास एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले. पंधरा दिवसांत मोतीने दोन उशा, मुलाचा बूट आणि पुढच्या दाराची चौकट कुरतडून ठेवली. मारलं की मान खाली घालून कोपऱ्यात बसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतो. हे म्हणतात, शेतावर सोडून येऊ. काय करावं?’

ताई, शेतावर सोडण्याची गोष्ट आधी डोक्यातून काढा. ताटाशेजारी वाढलेला कुत्रा शेतावर राखण करत नाही. तो घर शोधत रस्त्याला लागतो. शिवाय उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून येणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही यजमानांच्या कानावर घाला.

पिल्लाचे दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत पक्के बेचाळीस दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात म्हणून ते दिसेल ते चावतं. पाच वर्षांच्या कुत्र्याला ती सबब नाही. तेव्हा दोनच प्रश्न उरतात : अंगात काही बिघडलं आहे का, आणि घरात काय बदललं?

अंगाचं आधी बघा. तोंडाला घाण वास येतो का, एकाच बाजूने चावतो का, भाकरीचा तुकडा तोंडातून पडतो का, डोळ्याच्या खाली सूज आहे का? वरच्या मोठ्या दाढेत पू झाला की सूज नेमकी डोळ्याखाली येते आणि पुष्कळ जणी डोळ्याचंच औषध घालत बसतात. माती, कापड, भिंतीचा पोपडा असलं काहीबाही खात असेल, तर जंत, पोटाची तक्रार किंवा अंगात रक्त कमी असणं ही कारणं असू शकतात. नुकतीच काही औषधं सुरू झाली असतील तीही आठवा. स्टेरॉइडने कुत्र्याची भूक भलतीच वाढते. यातलं काही आढळलं तर बाकीचे उपाय बाजूला ठेवून जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

मोतीचं मात्र मला घरचंच दुखणं वाटतं. त्याने काय चावलं बघा ना! दाराची चौकट, म्हणजे तुम्ही गेलात ती वाट. मुलाचा बूट, म्हणजे गेलेल्या माणसाचा वास. तुम्ही बूट म्हणता, त्याच्या लेखी तो दादाच आहे. एक मुलगा गेला, मागोमाग आईही दुपारची दिसेनाशी झाली. त्याला काय कळणार पुणं आणि दुकान!

खात्री करायची तर मोबाईल फडताळावर ठेवून चित्रण सुरू करा आणि नेहमीप्रमाणे कामाला जा. तुम्ही गेल्यावर पाव तास-अर्ध्या तासातच तो येरझारा घालू लागला, रडू लागला, लाळ गाळत दार ओरबाडू लागला, तर ती भीती आहे. तासभर झोप काढून मग आरामात उशी ओढून बसला, तर तो कंटाळा आहे. दोन्हींना उपाय निराळा, म्हणून ही खटपट सांगते.

सासूबाईंना आणखी एक सांगा. ‘मान खाली घालतो म्हणजे त्याला गुन्हा कळतो’ असं सगळेच म्हणतात. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ खायला मनाई केली, मालकाला बाहेर पाठवलं, मग कुणी खाल्लं आणि कुणी नाही. मालक रागावले की खाल्लेलेही ओशाळे दिसले आणि न खाल्लेलेही. उलट निरपराध कुत्रे जास्तच! म्हणजे तो चेहरा पश्चात्तापाचा नसतो, आपल्या आवाजाला भ्यायलेला असतो. तुम्ही चार वाजता मारता ते दुपारी एक वाजता फाडलेल्या उशीबद्दल. त्याला एवढंच कळतं, की बाई घरी आली की मार बसतो. मग दुपार आणखी धास्तीत जाते आणि चौकट आणखी कुरतडली जाते.

आता उपाय. सकाळचं फिरणं दहा मिनिटांत उरकू नका. अर्धा-पाऊण तास द्या आणि त्याला मनसोक्त हुंगू द्या. हुंगण्याने कुत्रा जेवढा दमतो तेवढा पळण्याने दमत नाही. धाकटा मुलगा असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवा. दुपारचं खाणं ताटलीत न वाढता जुन्या गोणपाटाच्या घडीत तुकडे लपवून ठेवा, शोधत बसेल. चावायला घट्ट रबरी पोकळ खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि निघताना द्या. गाजरही चालेल. चावायची वस्तू नखाने दाबून पाहावी. नखाचा ठसा उमटत नसेल इतकी कठीण असेल तर दात तुटतो. शिजवलेलं हाड, मक्याच्या कणसाचा दांडा आणि आंब्याची कोय अजिबात नको. हाडाच्या फाका होतात आणि बाकीचे दोन्ही आतड्यात अडकतात. फाटकी चप्पल ‘ही तुझी’ म्हणून देऊ नका. जुनी कोणती आणि लग्नातली कोल्हापुरी कोणती हे तो पाहत नाही.

भीती असेल तर खेळण्याने भागणार नाही. सुट्टीच्या दिवशी किल्ल्या उचला, चपला घाला आणि पुन्हा येऊन भाजी निवडायला बसा. असं दहा वेळा. मग दाराबाहेर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं. तो शांत आहे तोवरच परत यायचं आणि आल्यावर लाडाचा सोहळा करायचा नाही. याला आठवडे लागतात, घाई केली की सगळं मूळपदावर येतं. तोवर तो अगदी एकटा पडणार नाही अशी सोय बघा. तुम्हीच लिहिता, की सासूबाई दुपारी मधली खोली लावून घेऊन झोपतात. त्यांना कुत्रा सोवळ्याजवळ नको असेल, तर आत घेऊ नका, पण दार उघडं ठेवून उंबऱ्याबाहेर त्याचं पोतं टाकू द्या. नखं-दात रक्तबंबाळ करण्यापर्यंत मजल गेली, तर डॉक्टर औषध देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. घरातली झोपेची गोळी मात्र देऊ नका.

कडू रस चोपडण्याचा सल्ला शेजारणी देतीलच. कारल्याचा रस काही कुत्र्यांना चालत नाही, काही तोही चाटून पुसून घेतात. तिखट लावू नका, डोळ्यांची आग होते. डांबराच्या गोळ्या तर विषारीच. रिकामे सेल, उंदराचं औषध, मनुका, चॉकलेट, माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या उंच ठेवा आणि विजेच्या तारा भिंतीला ठोकून घ्या. उशीचा कापूस गिळून उलट्या झाल्या, खाणं सुटलं किंवा शौचाच्या जागी दोरा लोंबताना दिसला, तर दोरा ओढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. सरळ दवाखाना गाठा.

ज्यांच्या घरी मादी आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. माजावर येऊन गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी ती गाभण नसतानाही चादरी फाडून बिछाना करते, चपला गोळा करून त्यांच्यावर गुरगुरते, आचळांत दूधही येतं. खोटं गाभणपण म्हणतात ते हेच. दूध पिळू नका, त्याने ते वाढतं. दोन-तीन आठवड्यांत बहुधा आपोआप निवळतं, नाही निवळलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि ताई, चौकट इतक्यात रंगवू नका. रंगाचे पोपडे त्याच्या पोटात जायला नकोत. मोती निदान महिनाभर दाराजवळ जायचा थांबला, की मग सुताराला बोलवा.