बुवांचा आवाज गेला कुठं?



गेल्या महिन्यात आमच्याकडे एक प्रकार घडला. तो तुम्हांला सांगावा की नाही, हे दोन आठवडे मनात घोळत होतं, कारण त्यात थोडी माझीही शोभा आहे. पण वडीलधारी माणसं तुमच्याही घरी आहेत, मोबाईल आहेत, आणि टेबलाच्या खणात वायरींचा गुंता तर घरोघरी आहे. म्हणून सांगूनच टाकते.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एक्क्याऐंशी वर्षांच्या. जन्म मंगळवार पेठेतला, बोलणं अजून अस्सल कोल्हापुरी. बायकामाणसांनीसुद्धा ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणायचं, ही इथली रीत त्यांनी कधी सोडली नाही. दुपारची जेवणं आटोपली की पलंगावर बसायचं, हातात जपमाळ घ्यायची आणि मोबाईलवर कीर्तन लावायचं, हा त्यांचा नेम. आवाज मात्र असा मोठा, की खालच्या मजल्यावर वेगळा मोबाईल लावायची गरज नाही! त्यात धाकट्याची बारावी. शेवटी ह्यांनी खण उपसून एक जुना हेडफोन काढला. फार पूर्वीच्या कुठल्याशा मोबाईलबरोबर आलेला. आईंच्या मोबाईलच्या भोकात तो खट्‌कन बसला. घर शांत झालं. मीही चहाचा दुसरा कप निवांत प्याले.

चार दिवसांनी आई म्हणाल्या, “मला आता वाद्यं तेवढी ऐकायला येत्यात. तबला हाय, टाळ हाय, बुवाच न्हाईत. माणूस ऐकायला येईना. मी बहिरी झालो बघ.”

आम्ही म्हटलं, वय झालंय, चालायचंच. पण त्यांनी फार मनाला लावून घेतलं. मोबाईल उशाखाली गेला. हाक मारली तर ओ देईनात. खरंच ऐकू येत नव्हतं, की ऐकू येणार नाही असं धरूनच बसल्या होत्या, देव जाणे. एका सकाळी कपाटातून पुतळ्यांची माळ काढून नातीला म्हणाल्या, “कान गेलं, आता डोळं जातील. ही तुझी.” तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवलं. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आदल्या रात्री मोबाईल पुसताना सहज तो हेडफोन मी माझ्या कानाला लावला, आणि काय सांगू! टाळ वाजतायत, पेटी वाजतेय, बुवा गायब. जुनं एक नाट्यगीत लावलं, तर त्यात काहीच नाही, नुसती लांबून आल्यासारखी खरखर. आठ दिवस एक म्हातारं माणूस ‘ऐकू येत नाही’ म्हणत होतं, आणि घरातल्या पाच जणांपैकी एकानंही ते यंत्र स्वतःच्या कानाला लावून बघितलं नव्हतं. आमटीला मीठ कमी आहे म्हटलं, तर आपण आधी आमटीच चाखतो ना?

चाचपडताना वायरीवरचं छोटं बटण दाबलं गेलं, आणि बुवा एकदम कानात बोलायला लागले! बटण सोडलं तर कीर्तन थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा वाद्यंच. पुन्हा बटण दाबलं, बुवा हजर. भुताटकीच वाटली.

सकाळी आमच्या पेठेतल्या, रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या काकांकडे ते सगळं घेऊन गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, हेडफोनचं टोक फिरवून बघितलं आणि हसले. “वहिनी, प्लग भोकात बसला, पण आतल्या पट्ट्यांशी त्याचं गोत्र जुळलं नाही.”

त्यांनी समजावलं ते असं. हेडफोनच्या टोकावर काळे किंवा पांढरे बारीक पट्टे असतात. तीन पट्टे असले, तर त्या टोकाचे चार भाग पडतात. पहिला भाग डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा. उरलेल्या दोनांतला एक माइकचा, म्हणजे आपल्या बोलण्याचा, आणि एक सगळ्यांची परतीची वाट. आता हे शेवटचे दोन कुणी कुठं ठेवायचे, याच्या दोन पद्धती पडल्या. एकीला ओएमटीपी म्हणतात, ती पूर्वीच्या बऱ्याच मोबाईलमध्ये होती. दुसरी सीटीआयए, ती आता सगळीकडे चालते. टोकाची जाडी तीच, लांबी तीच, भोकही तेच. अदलाबदल झाली ती आत. त्यामुळे परतीची वाट बंद झाली, आणि डाव्या कानाचा आवाज उजव्या कानातून परत जाऊ लागला.

मग बुवाच का गेले? तर गाणाऱ्याचा आवाज दोन्ही कानांत सारखाच सोडलेला असतो, म्हणून तो आपल्याला मधोमध ऐकू येतो. तागडीच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन घातलं की काटा हलत नाही, तसं झालं. दोन्हीकडे सारखं ते सगळं पुसलं गेलं. तबला एका बाजूला थोडा जास्त, टाळ दुसऱ्या बाजूला, एवढा फरकच काय तो उरला. जुन्या नाट्यगीतात तर डावं-उजवं नव्हतंच, म्हणून तिथं सगळंच गेलं. आणि बटण दाबलं की माइक आणि परतीची वाट क्षणभर एक होतात, म्हणून बुवा परत येत होते.

आजकालच्या काही मोबाईलमध्ये एक चिमुकली चिप असते. प्लग आत गेला की ती आधी चाचपून बघते, कोणती पद्धत आहे ते ओळखते आणि आतल्या आत वाटा बदलून देते. एका छोट्या भोकानं वेगवेगळे प्लग सांभाळायचे, तर ही खरी युक्ती. आईंच्या मोबाईलमध्ये ती नसावी.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांसाठी सरळ एकच प्लग का नाही केला? मलाही तेच वाटलं. पण हे घराणं फार जुनं. अंगठ्याएवढा जाडजूड प्लग, पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा, भजनी मंडळाच्या माइकला असतो ना, तो मूळचा टेलिफोन एक्स्चेंजमधला. बोर्डापुढं बसून वायरी या भोकातून त्या भोकात घालायच्या नि बोलणं जोडून द्यायचं, हे काम पुढं बायकांचंच झालं. 1 सप्टेंबर 1878 रोजी अमेरिकेत बोस्टनला एमा नट कामावर रुजू झाली, ती पहिली बाई ऑपरेटर. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट बघितलेल्या मैत्रिणींना हे चित्र डोळ्यांपुढं येईल. पुढं खिशातले ट्रान्झिस्टर आले, त्यांच्या कानातल्या भोंगळीला एवढा मोठा प्लग कसा चालेल? म्हणून 3.5 मिलिमीटरचा धाकटा आला, आणि त्याहून बारका 2.5चा. मोठ्याचं टोक तीन सेंटिमीटरच्या आसपास, धाकट्याचं दीडच्या आत. भोकातल्या स्प्रिंगच्या पट्ट्या टोकाला नेमक्या जागी चिमटीत धरतात, म्हणून मोठ्या भोकात धाकटा नुसता खुळखुळतो. त्याला बाहेरून मोठं टोपरं घालावं लागतं, त्यालाच दुकानात अडॅप्टर म्हणतात.

तरी एक झकास जोडभोक आहे. आमच्या भजनी मंडळानं नवा मिक्सर घेतला (वाटणाचा नव्हे हो, आवाजाचा!), त्यात बघितलं. माइकच्या गोल प्लगला तीन काड्या असतात, त्रिकोणात. मधली जागा रिकामीच. कुणा हुशार माणसानं त्या मधल्या जागेतच 6.35चं भोक बसवलं. आपल्या मिसळणाच्या डब्यात भोवती वाट्या आणि मधे एक वाटी, अगदी तसं! एका वाटीच्या जागेत दोन प्रकारचे प्लग.

पण इथंही आमची फजिती झालीच. नवरात्रात एका ताईंनी मोबाईलचा तानपुरा त्या मिक्सरला जोडला, पण माइकच्या काड्यांच्या वाटेनं. माइकचा आवाज अगदी नाजूक असतो, तो कितीतरी पटीनं वाढवायची सोय त्या वाटेवर असते. मोबाईलचा आवाज आधीच दणकट. तानपुरा असा फुटला की पहिल्या रांगेतल्या आजी उठून मागं गेल्या. तेव्हा मोबाईल जोडायचा तो ‘लाइन’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी, आणि प्लग घालण्याआधी आवाजाची खुंटी शून्यावर आणून.

बरं, घरच्यासाठी काय करायचं? दुकानात जाल तेव्हा पट्टे मोजा. वडील मंडळींना नुसतं ऐकायचंच असेल, फोनवर बोलायचं नसेल, तर दोन पट्ट्यांचा, बिनमाइकचा हेडफोन घ्या. त्याचा शेवटचा भाग लांबट असतो, तो माइक आणि परतीची वाट दोन्ही जागा व्यापतो, म्हणून कुठल्याही पद्धतीच्या मोबाईलला चालतो. मी आईंना तोच आणला. तीन पट्ट्यांचा घ्यायचाच असेल, तर तिथंच लावून गाणारा माणूस ऐकू येतो का बघा. नुसतं संगीत ऐकून पैसे देऊ नका. एकाच पट्ट्याचा जुना प्लग मोबाईलला लावत बसू नका, त्यानं उजव्या कानाची वाट परतीच्या वाटेला चिकटते. उलट, माळ्यावरच्या जुन्या ट्रान्झिस्टरला आताचा हेडफोन लावून एकाच कानात आवाज आला, तर हेडफोन बिघडला असं समजू नका. त्या भोकाला दोनच पट्ट्या.

सोनेरी मुलाम्याचे प्लग मिळतात. ती निव्वळ मिरवण नाही. हुपरीची चांदी कितीही देखणी असली तरी काळवंडतेच ना? मुलाम्याचं टोक तसं काळवंडत नाही, खरखर कमी होते. पण भोकातच कचरा असेल तर सोनं काय करणार! पदरात, पर्समध्ये राहून मोबाईलच्या भोकात लोकर नि धूळ बसते, आणि प्लग काढला तरी मोबाईलवर हेडफोनचं चित्र दिसत राहतं, बाहेरचा आवाज येत नाही. मोबाईल बंद करून लाकडी दातकोरणीनं हलकेच काढा. सेफ्टी पिन घालू नका. आतली पट्टी वाकली की संपलंच. ट्रान्झिस्टर मुका झाला असेल, तर प्लग चार-पाच वेळा घालून काढून बघा. प्लग घातला की स्पीकर तोडणारी एक पट्टी आत असते, ती कधी कधी तशीच उघडी राहते.

सप्टेंबर 2016मध्ये आलेल्या आयफोन 7सारख्या काही मोबाईलमधून तर हे भोकच गेलं. तिथं टाइप-सीचा अडॅप्टर लागतो (त्या आयफोनचा मात्र वेगळा होता). टाइप-सीतही दोन जाती. एकात आवाज तयार करणारी चिप असते, तो बहुतेक सगळीकडे चालतो. दुसऱ्यात नुसत्या वायरी, तो मोजक्याच मोबाईलना. दिसायला जुळी भावंडं! तेव्हा मोबाईल बरोबर न्या, लावून बघा, मगच घ्या.

जाता जाता, विजेच्या बोर्डावर मात्र ‘सगळे प्लग बसतात’ असं भोक शोधू नका. त्यात पिना सैल राहतात, आणि परदेशी प्लगची अर्थिंग त्यात बहुधा जोडलीच जात नाही. आपल्या तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन लांब असते, ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ती कापून प्लग बसवणारे वीर आमच्या नात्यात आहेत.

डॉक्टरांकडे आम्ही गेलोच. वयाच्या मानानं थोडं कमी ऐकू येतं, बाकी कान ठणठणीत. आवाज फार मोठा ठेवू नका, एवढं त्यांनी बजावलं. पुतळ्यांची माळ परत कपाटात गेली. नात थोडी हिरमुसली, पण ते असू दे.

1 जुलै 1979ला जपानात सोनीचा पहिला वॉकमन निघाला, त्याला हेडफोनची दोन भोकं होती. सोनीचे अकिओ मोरिता घरी तो कानाला लावून बसले, तेव्हा आपल्याला वगळल्यासारखं त्यांच्या बायकोला वाटलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. दुसरं भोक आलं ते त्यातून. हे वाचलं, आणि मी काकांकडून एक दुतोंडी वायर घेऊन आले. एक टोक मोबाईलला, दोन भोकं आपल्याला. आता दुपारी भांडी आवरून मी आईंच्या शेजारी टेकते. बुवा रंगात आले की त्या मला कोपरानं ढोसतात आणि, आपल्या कानात हेडफोन आहे हे विसरून, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “आलं का गं ऐकायला?”