फौजेचा थकलेला पगार

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर लढाईला तोंड फुटण्याआधी इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंसमोर आला. काशीराज पंडिताच्या वृत्तांतानुसार त्याने सांगितले ते असे: माझ्या माणसांचा पगार वेळेवर मागतो म्हणून आपली माझ्यावर मर्जी नव्हती. या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला, हाती काही आले नाही. तरी आजवरचा पगार फुकट खाल्ला नाही, हे आज दाखवतो. मग तो रोहिल्यांवर तुटून पडला. त्याच्या पलटणी जवळजवळ कापल्या गेल्या, तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला.

सरंजामावर जगणाऱ्या सरदारांना गारद्यांचा रोख पगार खुपत असे. पण ज्याला जमीन नाही, वतन नाही, त्याने महिनाअखेरीस कोणाच्या तोंडाकडे बघायचे? इब्राहिमखानाची मागणी रास्तच होती, असे आम्हाला ठामपणे वाटते.

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार पगाराच्या थकबाकीचा गलका करत शनिवारवाड्यात घुसले. त्या दिवशी झालेल्या नारायणराव पेशव्याच्या खुनाची गोष्ट निघाली की आपण ‘ध’चा ‘मा’ सांगतो. थकबाकीचे नावही काढत नाही. कट होताच, खुनाला क्षमा नाहीच. पण पगारासाठी दारात ओरडणारे शिपाई पुण्याला इतके सवयीचे झाले होते की, कटवाल्यांना दुसरे निमित्त शोधावे लागले नाही. या अंकात आम्ही फौजेच्या हिशेबाच्या वह्या उघडल्या आहेत, त्या यासाठीच.